तिसरा ठोका

वरच्या मजल्यावर केर्तू राहते
आणि तिचे तीन न दिसणारे सोबती:
एक ड्रम वाजवतो, एक बास, एक पियानो.
जिन्यात कधी कुणी भेटलेलं नाही,
दाराशी त्यांचे बूट नसतात.
संध्याकाळी सातला ते एका डबीतून येतात
आणि थकत नाहीत.

केर्तू क्लॅरिनेटवर.
सातव्या मात्रेला अडखळते. (मलाही आता पाठ झालंय.)
ते तिघं तिच्यासाठी थांबत नाहीत,
रागावतही नाहीत;
पुन्हा पहिल्यापासून, तेवढ्याच उत्साहाने,
जणू काही झालंच नाही.
असं माणूस मी पाहिलेलं नाही.
एकतीस वर्षं कोत्काच्या बंदरात क्रेन चालवली,
कागदाची रिळं जहाजांच्या पोटात उतरवली.
खालून हाताने खुणा करणारा ओस्मो
दुसऱ्या चुकीला शिवी हासडायचा,
तिसऱ्या चुकीला टोपी काढून बर्फात आपटायचा.

नोव्हेंबरात तिघं गेले.
आता पायाने दाबायचं काहीतरी आलं.
छतातून ऐकू येतं: खट्.
मग दोन लांब सूर. खट्.
आणि ते सूर तिला सोडून आपले आपण फिरू लागतात,
घाण्याला जुंपल्यासारखे.
त्यांच्यावर ती आणखी एक ओळ ठेवते,
त्या ओळीवर आणखी एक,
केर्तूवर केर्तू, केर्तूवर केर्तू,
रिळावर रीळ रचत जावं तशी.
एकटी मुलगी. आणि घरात एवढी गर्दी.

एका मंगळवारी साडेदहा वाजले.
दहानंतर शांतता, असं जिन्यातल्या पाटीवर लिहिलंय,
माझ्याच अक्षरात.
मी सुपाचा डाव उचलला
आणि हीटरच्या नळावर हाणला:
ठण. ठण.
(डाव हातातून निसटला, पुन्हा धरला)
ठण.

वर सगळं थांबायला हवं होतं.
फिरून सम आली, आणि समेनंतर,
माझ्या डोक्यावरून, तिच्या खोलीतून,
ठण. ठण. ... ठण.
पुन्हा आवर्तन.
ठण. ठण. ... ठण.
नळ तिच्याही भिंतीतून जातो.
माइक उघडा होता.
मी डाव हातात घेऊन उभा,
आणि माझा राग वर आठ मात्रांच्या चक्रात
गिरक्या घेत होता,
डाव निसटल्याच्या त्या जागेसकट.

मला वाटलं, पुसून टाकेल.
तिने वाजवायला घेतलं.
पहिले दोन ठोके तसेच जाऊ दिले,
तिसऱ्याची वाट पाहिली,
अगदी तो पडेस्तोवर श्वास धरून,
आणि तिथून उचललं.
सातवी मात्रा कधी गेली
मला कळलंच नाही. बहुतेक तिलाही नाही.
मी खुर्ची ओढली. डाव मांडीवर.
साडेअकरापर्यंत तक्रार केली नाही.
माझ्याविरुद्ध कुठे करायची?

दुसऱ्या दिवशी ती वेलचीचे पाव घेऊन आली.
माफ करा, म्हणाली. पाटी वाचली, म्हणाली.
तिची नजर ओट्यावरच्या डावाकडे गेली
आणि तिथेच थांबली.
मी कॉफी ओतली.
आम्ही दोघंही हवामानाबद्दल बोललो,
बंदरातल्या बर्फाबद्दल,
यंदा उशिरा धरतोय.

मग एका रात्री वीज गेली.
आल्यावर वर बराच वेळ खट्, खट्,
आणि रिकामं.
तिचं जपून ठेवायचं राहून गेलं असणार.
तेव्हा मीच डाव घेतला,
भिंतीशी गेलो, ठण, ठण,
आणि तिसरा मुद्दाम उशिरा.

नाही जमलं.
मुद्दाम केलेला उशीर वेळेवरच पडतो.
वर ती थांबली होती.
मग नळावरच, बोटाच्या पेराने असेल,
हळूच: पुन्हा.
मी हात पुसले
आणि पहिल्यापासून सुरुवात केली.